चार बोटे पाणी

आमच्या घरची न्हाणी २०२२ साली नवी झाली. तोपर्यंत तिथे शहाबादी फरशी होती, काळपट, खरबरीत, मध्यभागी पायांनी झिजून किंचित खोल गेलेली. कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. बाबांनी फरशी उखडून पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स बसवल्या, बंब माळ्यावर गेला आणि गीझर आला. आजीने काठी टेकत दारातूनच पाहणी केली व म्हणाली, "आता काय आरशावर बसून अंघोळ करायची?" आम्ही सगळे हसलो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर हसायचे आणि वर्षा-दोन वर्षांनी गप्प बसायचे, ही आमच्या घराण्याची जुनी रीतच आहे.

२०२४ च्या मे महिन्यात ताई माहेरी आली. बरोबर दीड वर्षाचे आमचे भाचेबुवा आणि त्यांचा निळा प्लॅस्टिकचा टब. मुलाला टबात बसवून अंघोळ घालायची ही ताईकडची पद्धत. आजीला ती पसंत नव्हती, पण तिचे गुडघे गेलेले. खाली बसणे बंद झाले होते. आई सकाळीच शाळेत शिकवायला जाई. ताईचे घरून चालणारे ऑफिस साडेनऊच्या ठोक्याला सुरू होई. परीक्षा संपून घरात लोळत पडलेला, कुणाच्याही उपयोगाचा नसलेला असा एकच इसम उरला. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाने मूल न्हाऊ घालावे, हे वर्गातल्या मित्रांना कळले तेव्हा त्यांनी माझे नाव 'सुईणबाई' ठेवले. हे नाव अजून पुसले गेलेले नाही.

आजीने खुर्ची न्हाणीच्या दाराशी ओढून मला तयार केले. पहिला नियम असा, की पोराला हात लावण्यापूर्वी सगळे हाताशी पाहिजे: पंचा, तांब्या, डाळीचे पीठ, कपडे. दुसरा, टबात आधी गार पाणी, मग कढत. उलट केलेस आणि पोर वाकले तर भाजेल. पाणी तळहाताने बघायचे नाही, कोपराने बघायचे, कारण तळहात निबर असतो. आणि तिसरा, जो मी सर्वांत आधी विसरलो, तो म्हणजे ओल्या मुलाचा हात मनगटाशी धरायचा नाही. तेल लावलेले पोर मासोळीसारखे निसटते. आपला हात त्याच्या खांद्यांमागून घालायचा आणि पलीकडचा दंड काखेशी पकडायचा; म्हणजे ते घसरले तरी पाठ आपल्या हातावर येते.

एकूण आजीचे शास्त्र पक्के होते. सगळेच होते असे मी म्हणणार नाही. नाका-कानात तेलाचे थेंब सोडायचा तिचा आग्रह डॉक्टरांनी मोडून काढला आणि ते योग्यच झाले. पण घसरण्याच्या बाबतीत तिला हरवणे कठीण. डाळीचे पीठ आणि साय लावून न्हाऊ घातले की फरशीवर तुपकट थर राहतो, म्हणून ती रोज काथ्याने मोरी घासत असे. खरबरीत फरशीच्या बारीक खळग्यांतून पाणी बाजूला सरते आणि पायाला दगड लागतो. गुळगुळीत टाइलवर मात्र पाय आणि फरशी यांच्यामध्ये साबणपाण्याचा पातळ पापुद्रा राहतो, आणि पाय टाइलवर न टेकता त्या पापुद्र्यावरच टेकतो. टबाच्या तळाचेही तेच. त्यात दीड वर्षाचे मूल म्हणजे डोक्याने जड. जन्मतः डोके सगळ्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतके असते, मोठ्या माणसात ते साधारण आठव्या हिश्शावर येते. भाचेबुवांचे चालणेही पाय फाकवून, कमरेवर पखाल घेतल्यासारखे. अशा माणसाने ओल्या प्लॅस्टिकवर उभे राहायचे ठरवले तर काय होणार, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

तो दिवस गुरुवारचा. टबात चार बोटे पाणी होते. मी मोजूनच घालीत असे. भाचेबुवा बसून तांब्याने पाणी टबाबाहेर फेकत होते आणि दर फेकीला स्वतःच टाळ्या पिटत होते. एवढ्यात दाराची घंटा वाजली. गॅसवाला होता. सिलिंडर देताना मोबाइलवर आलेला आकडा सांगावा लागतो आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत होता. "आलो हं," असे मी भाच्याला सांगितले, जणू त्याला ते कळणारच होते, आणि उठलो.

फार तर एक मिनिट. आकडा सांगितला, पावती घेतली, सुट्टे पैसे मोजू लागलो. तेवढ्यात माजघरात मेथी निवडत बसलेल्या आजीचा आवाज आला, "अरे, तो गप्प का झाला?"

"खेळतोय," मी म्हणालो.

"आधी बघ!"

असा आवाज मी आजीच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. धावलो. तो टबात उताणा होता. उभे राहताना घसरला असावा. चेहरा पाण्याखाली, डोळे उघडे, माझ्याकडेच पाहणारे. हात हलत होते, पण पाण्यावर येत नव्हते. आणि काही म्हणजे काही आवाज नव्हता. बुडणारा माणूस हातपाय झाडतो, ओरडतो, असे सिनेमात पाहून पाहून आपली समजूत झालेली असते. ज्याचे तोंडच पाण्यात आहे तो ओरडणार कशाने?

मी त्याला उचलले. तो खोकला, पाणी ओकला, काळानिळा होऊन रडला. त्या रडण्याइतका सुरेल आवाज मी अद्याप ऐकलेला नाही. वळून पाहतो तो आजी दारात उभी. काठी माजघरातच राहिली होती.

रडणे ऐकून ताई खोलीतून धावत आली. मी म्हणालो, "टबात घसरला गं. टब फार बुळबुळीत आहे." दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, दिवसभर श्वासावर लक्ष ठेवा, खोकला वाढला किंवा मूल मलूल झाले तर रात्री-अपरात्रीही घेऊन या, असे सांगितले आणि सहज विचारावे तसे विचारले, "जवळ कोण होतं?"

"मी होतो," मी म्हणालो.

घरातच होतो ना! अशी माझी मी त्या वेळी समजूत घातली. आजी काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे पुढे पाच महिने माझ्याबरोबर कॉलेजला येत होते.

त्याच संध्याकाळी मी बाजारात जाऊन प्रायश्चित्त विकत आणले. खाली वाट्यांसारखे चोषक असलेली रबराची चटई. ती टबात घातली, पण धड चिकटेना. मग तिच्यावर मी एवढे प्रयोग केले, की विज्ञान शाखेला का गेलो नाही असे बाबा विचारू लागले. चटई दाबली की वाटीतली हवा बाहेर जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब तिला तळाशी दाबून धरतो. म्हणून तळ स्वच्छ आणि गुळगुळीत हवा, साबणाचा थर नको, आणि चटई आधी दाबून बसवून मगच वर पाणी ओतायचे. जुन्या शहाबादी फरशीवर ती टिकली नसती, कारण खळग्यांतून हवा आत शिरते. टाइल्सच्या सांध्यावरही टिकत नाही. अंघोळीनंतर ती उचलून वाळवावी लागते, नाहीतर तिच्याच खाली शेवाळ धरते आणि घसरू नये म्हणून आणलेली वस्तू घसरगुंडी होते. चटई उपयोगी आहे, यात शंका नाही. भाचेबुवा तिच्यावर पुष्कळ स्थिर बसत. ताईने तिचे कौतुक केले, माझेही केले. ते कौतुक मी निमूटपणे घेतले.

प्राचीन भारताच्या तासाला सर मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाविषयी शिकवत होते. बारा मीटर लांब, सात मीटर रुंद, विटांना पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. पायऱ्यांच्या कडांना खोबणी सापडल्या आहेत. त्यांत लाकडी फळ्या बसवलेल्या असाव्यात असे मानतात. वर्गाने ते वहीत उतरवून घेतले. माझ्या मनात आले, साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथेही कुणीतरी घसरले असले पाहिजे, आणि मग कुणीतरी फळ्या आणल्या असल्या पाहिजेत. तो कुठे उठून गेला होता, हे मात्र उत्खननात सापडायचे नाही.

ग्रंथालयात वाचताना कळले, की जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बुडण्यावर स्वतंत्र अहवाल काढला आणि २०२१ साली संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी ठरवला. असे काही वाचले की आपल्या डोळ्यांपुढे नदी येते, विहीर येते, गणपती विसर्जन येते. माझ्यापुढे निळे प्लॅस्टिक येते. लहान मुलाला बोटा-दोन बोटांचे पाणीही पुरते. नाक-तोंड झाकले की झाले. बादलीत डोकावणारे मूल डोक्याच्या भाराने आत पडते आणि बादलीसुद्धा कलंडत नाही. बादल्या रिकाम्या ठेवा, असा सल्ला पुस्तके देतात. आमच्या गावात नळ दिवसाआड येतो. भरलेल्या बादल्या आणि पिंपे हीच घराची श्रीमंती. ती उपडी कशी करणार? शेवटी बाबांनी पिंपांना घट्ट झाकणे आणली आणि न्हाणीला बाहेरून, उंचावर कडी बसवली. हे साधे काम घर नवे करताना सुचायला हवे होते. टाइल्सचा रंग निवडण्यात आम्ही तीन रविवार घालवले होते.

खरी गोष्ट मला श्रावणात उमगली. दुपारी आजीच्या गुडघ्यांना तेल चोळत होतो. मी विचारले, "आजी, तू आम्हा सगळ्यांना न्हाऊ घातलंस. तुझ्या हातून कुणी कधी घसरलं नाही?"

आजी म्हणाली, "घसरणार कुठं? मी पाटावर पाय पसरून बसायची आणि पोर माझ्या पायांवर पालथं. खाली पडायला जागाच नसायची."

"पण कुणी हाक मारली तर? कुणी आलं तर?"

"मला उठताच यायचं नाही रे," ती म्हणाली. "पायांवर पोर असताना कशी उठणार? बाहेर कलेक्टर आला तरी बसवून ठेवायचा."

तेल चोळता चोळता माझा हात थांबला. इतके दिवस मी आजीच्या हातांचे, काथ्याचे, फरशीचे गुण मोजत होतो. ज्याच्यामुळे आम्ही वाचलो ती तिची अडचण होती. टबाने ती अडचण दूर केली. अंघोळ घालणाऱ्याला मोकळे केले, आणि मी मोकळा झाल्याबरोबर दाराकडे गेलो. चटईने मूल घसरायचे थोडे कमी झाले, पण मी उठायचा काही कमी झालो नसतो.

आजीने माझ्याकडे पाहिले. "ताईला सांगितलंस का?" एवढेच ती म्हणाली.

सांगायला दिवाळी उजाडली. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री ताई करंज्यांना मुरड घालत होती तेव्हा मी सगळे सांगितले. गॅसवाला, मोबाइल, सुट्टे पैसे, डॉक्टरांना दिलेले उत्तर. तिचे हात थांबले नाहीत. परातीतल्या साऱ्या करंज्या संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. उठून हात धुतले, मुलाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. मग जाता जाता दारातून म्हणाली, "उद्या पहाटे त्याला तूच न्हाऊ घाल."

रात्री मला झोप लागली नाही. पहाटे साडेचारला मी आजीचा जुना पाट काढला, न्हाणी काथ्याने घासली आणि पाय पसरून खाली बसलो. टब आणलाच नाही. भाचेबुवा आता दोन वर्षांचे झालेले. पालथे झोपायला तयार नव्हते. त्यांना दोन पायांच्या मध्ये बसवले, तेल लावले, उटणे लावले. अंग असे निसटत होते की दोन्ही हातांनी धरूनही पुरे पडेना. एका पायाला मुंग्या आल्या. ताई उंबऱ्याशी औक्षणाचे तबक घेऊन उभी होती. बाहेर कुणाच्या तरी फटाक्यांची माळ वाजली.

त्याच वेळी दाराची घंटा वाजली. माझे अंग सवयीने उठायला निघाले, आणि पायांतले पोर ओरडले. उठता येईना.

"बस तू," आजी माजघरातून म्हणाली. "मी बघते."

तिची काठी टक टक करीत दाराकडे निघाली. माजघर, मग ओटी, मग कडी. आजीला तिथपर्यंत पोचायला चांगली तीन मिनिटे लागतात. तोपर्यंत आलेला माणूस निघूनही गेला होता, आणि भाच्याने माझ्या दोन्ही डोळ्यांत उटण्याचे पाणी उडवले होते.