पुळणीच्या पोटात

गुहागरची घरं पुढून रस्त्याला आणि मागून समुद्राला लागलेली. पडवी ओलांडली की विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, मग सुरू, मर्यादवेल आणि थेट पुळण. वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत बहुतेक हाच क्रम. विहिरीच्या काठावर लाटांची गाज ऐकू येते आणि कळशीतलं पाणी मात्र गोडं. अथांग खारं पाणी हाकेच्या अंतरावर असताना ही गोडी टिकते, ती वाळूखाली चाललेल्या रेटारेटीमुळे.

मुरलेलं पावसाचं पाणी वाळूतून सावकाश समुद्राकडे सरकत असतं. ते हलकं असल्यामुळे वर राहतं. समुद्राचं जड पाणी खालून आत घुसतं. जर्मनीतल्या नॉर्डरनाय बेटावरच्या विहिरींचा अभ्यास करून हेर्झबर्गने १९०१ साली याचं गणित मांडलं: समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल, तर खाली ते सुमारे ४० मीटर खोल असतं. कोकणात वाळूखाली कातळ लागतो, त्यामुळे हा हिशेब इथे जसाच्या तसा जुळणार नाही. पण त्यातली धास्ती खरी आहे. वरची पातळी वीतभर उतरली, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढू पाहतं.

मात्र या गणितात समुद्र स्वस्थ बसलेला आहे. खरा समुद्र कधी स्वस्थ बसतो?

ओहोटी लागताना पुळणीवर उकिडवं बसून एका लाटेकडे नीट पाहावं. फेस वर चढतो, पसरतो, मागे फिरतो. पण आलेलं सगळं पाणी परतत नाही. वरच्या कोरड्या वाळूत थोडं मुरतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं उमटतात. वाळूत पाणी शिरतं चटकन, निथळतं मात्र रेंगाळत. म्हणून पुळणीच्या पोटातलं पाणी समुद्राच्या सरासरी पातळीहून उंच राहतं. ते खाली उतरतं, वळतं आणि उताराच्या खालच्या अंगाने पुन्हा समुद्रात येतं. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की इथे जड खारं पाणी हलक्या गोड्या पाण्याच्या डोक्यावर बसलेलं असतं. लाटा ते तिथे सतत ओततच राहतात. वरून खारं, खालून खारं, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने वाडीतलं गोडं पाणी ओहोटीच्या रेषेकडे निघतं. मळकट वाळू संपून चकचकीत वाळू सुरू होते, तिथून खाली बारीक ओहळ सुटलेले दिसतात. त्यात समुद्राचं परतीचं पाणी असतं आणि जमिनीचंही.

विलर्ड मूर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये गोडं आणि खारं पाणी भेटतं त्या या वाळूखालच्या प्रदेशाला जमिनीखालची खाडी म्हटलं. त्याआधी १९९६ मध्ये रेडियमच्या मोजमापावरून त्याने दाखवलं होतं, की अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याला नद्यांच्या सुमारे ४० टक्के इतकं पाणी जमिनीखालून मिळतं. त्यात वाळूतून फिरून आलेलं खारं पाणीही धरलेलं आहे.

हे पाणी रिकाम्या हाताने जात नाही. वाडीतलं खत, शोषखड्ड्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, मातीतलं लोह, सगळं सोबत निघतं. समोरून लाट प्राणवायू घेऊन येते. दोन्ही पाणी मिसळतात तिथे वाळूच्या कणाकणावरचे जिवाणू कामाला लागतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वॅक्वॉइट उपसागराच्या काठी खोलवरची वाळू गंजाच्या रंगाची निघाली: लोहाची पुटं कणांवर बसली होती आणि त्यांनी फॉस्फेट धरून ठेवलं होतं. ही गाळणी लाटांच्या बळावर चालते, पण तिची ताकद अमर्याद नाही. शोषखड्डा पुळणीला जितका जवळ, तितका तिला कमी वेळ मिळतो.

कोकणावर एक मोठी मेहेरबानी आहे. लाटा सर्वांत उग्र होतात त्या पावसाळ्यात, खारं पाणी वाळूत सर्वांत आत रेटलं जातं तेही तेव्हाच. आणि त्याच महिन्यांत आभाळ वाड्यांवर पाणी ओतून आतला रेटा वाढवतं. मे महिन्यात हा आधार नसतो. तेव्हा पंपाने एकदम जोराचा उपसा केला, की पाणी मचूळ लागू शकतं. पंप बंद ठेवून विहिरीला पाझरायला वेळ द्यावा, थोडं थोडं उपसावं, पोफळींची शिंपणी दोन वेळांत वाटून घ्यावी. रहाटाच्या काळात ही सबुरी बैलाच्या चालीतच होती. आता ती पंपाच्या बटणावरच्या हाताला ठेवावी लागते.