फिनाईल, कापूर आणि चीड

हरसूलच्या आसपास डोंगर कमी नाहीत. साग आहे, ऐन आहे, मोह आहे. चिडाचं झाड मात्र औषधालाही सापडायचं नाही. चीड वाढतो पार हिमालयाच्या उतारांवर. तरीही त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या या गावात चिडाचा वास न ओळखणारं नाक मिळणं अवघड आहे. दवाखान्याची फरशी पुसली की तो येतो, आश्रमशाळेच्या न्हाणीघरातून येतो. पांढऱ्या फिनाईलचा तो वास. आणि आरतीच्या तबकात कापूर पेटतो, तेव्हा त्याच झाडाचं दुसरं रूप जळत असतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

अत्तरं आणि सुगंधी मिश्रणं बांधणाऱ्या माणसाला ते लक्षात ठेवावंच लागतं. पाईनची, म्हणजे चिडाच्याच कुळातल्या तेलाची, बाटली उघडण्याआधी समोरच्या नाकात काय साठलंय, याचा हिशेब त्याला करावा लागतो. युरोपातल्या माणसाला या वासानं जंगल आठवेल, नाताळ आठवेल. मराठी माणसाला आधी ओली फरशी आठवते.

फिनाईल आणि कापूर, दोन्ही वासांचं मूळ एकच. चिडाच्या खोडाला खाच पाडली की चीक झिरपतो. उत्तराखंडात त्याला लीसा म्हणतात. तो वाफेवर ऊर्ध्वपातित केला की टर्पेंटाईन निघून येतं आणि मागे राळ उरते. टर्पेंटाईनमधला मोठा घटक अल्फा-पायनीन. आम्लाच्या मदतीनं त्याला पाणी जोडलं की टर्पिनिऑल होतं. बाजारात ‘पाईन ऑइल’ म्हणून पिंपानं विकलं जातं ते मुख्यतः हेच; साबणासोबत पाण्यात पडलं की दुधाळ होतं, म्हणून फिनाईल पांढरं. दुसरी वाट लांबची आहे: पायनीनचं कॅम्फीन, त्याचं आयसोबॉर्निल ॲसिटेट, त्यातून आयसोबॉर्निऑल आणि शेवटी कापूर. गंमत मधल्या टप्प्यावर आहे. आयसोबॉर्निल ॲसिटेटला स्वतःलाच पाईनचा स्वस्त, ठसठशीत वास असतो आणि साबणांत, फरशी पुसायच्या द्रावणांत ते सर्रास पडतं. म्हणजे देवघराकडे निघालेला रेणू वाटेतच बादलीत उतरू शकतो.

हे सगळं दूर कुठे घडतं असंही नाही. रायगड जिल्ह्यात खालापूरजवळ मंगलम ऑरगॅनिक्स टर्पेंटाईनपासून कापूर बनवते. त्याच जिल्ह्यात महाडला प्रिवी कंपनी कागदगिरण्यांतून निघणाऱ्या कच्च्या टर्पेंटाईनवर प्रक्रिया करून सुगंधी रसायनं काढते. लाकडाचा लगदा शिजवताना वर येणारं हे उग्र, गंधकाच्या दर्पाचं तेल. त्यातला गंधक काढून टाकल्याशिवाय त्याला नाक लावायची सोय नसते.

पुण्याचाही यात वाटा आहे. भारतीय चिडाच्या टर्पेंटाईनमध्ये लाँगिफोलीन नावाचा जड घटक भरपूर असतो. जॉन सायमनसेन यांनी 1920 मध्ये तो वेगळा काढला. पुढे साठच्या दशकात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रसायनशास्त्रावर मोठं काम केलं. त्याच घराण्यातली आयसोलाँगिफोलीनची संयुगं आज लाकडी, अंबरी वासांसाठी वापरली जातात. चिडाचा हा तळाचा भाग सुगंधकाराला अधिक मोलाचा, कारण तो टिकतो. पायनीन काही मिनिटांत कागदी पट्टीवरून उडून जातं.

मग अत्तरात पाईन बसवायचा कसा? पहिली गोष्ट, तेल खोडाच्या चिकाचं घ्यायचं नाही, पानांचं घ्यायचं. सायबेरियन फर हा चिडाचा चुलतभाऊ. त्याच्या पानांच्या तेलात सुमारे तिसरा हिस्सा बॉर्निल ॲसिटेट असतं, आणि जंगलाचा गोडसर, गार भास त्यातूनच येतो. टर्पिनिऑल शक्यतो लांब ठेवायचं, ते आलं की फिनाईल आलंच. खाली आधार द्यायचा तो नागरमोथ्याचा, वाळ्याचा, थोड्या धुपाचा. मराठी नाकाला कापराच्या बाजूनं पाईनकडे नेलं तर ते फारसं बिचकत नाही. ओळखीच्या देवघरातून अनोळखी रानात जाता येतं. इथे मोह आवरावा लागतो. पाईन थेंबांनी मोजायचा; जरा हात सैल सुटला की लव्हेंडर, रोझमेरी काहीही घाला, मिश्रण पुन्हा न्हाणीघरात जाऊन उभं राहतं.

या घराण्याला अशी पडती नवी नाही. पाईनच्या शंकूसारख्या बाटलीतलं ‘पिनो सिल्व्हेस्ट्रे’ 1955 मध्ये इटलीत आलं, तेव्हा तो पुरुषी रुबाबाचा वास होता. 1982 च्या ‘द्राकार नॉयर’मध्ये सुमारे 10 टक्के डायहायड्रोमिर्सेनॉल होतं, तेही पायनीनपासूनच बनतं. आज तेच कपडे धुण्याच्या पावडरीत आहे. वास उंची कुपीतून बादलीत उतरतो तो मुख्यतः किमतीमुळे. त्याच्या गुणात काही खोट असते म्हणून नव्हे.

खरी खोट वेगळी आहे आणि ती बाटलीत तयार होते. पाईनचं तेल हवा लागली की पेरॉक्साइड धरतं, आणि असं तेल कातडीवर ॲलर्जी उठवतं. म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, इफ्रा, पाईन कुळातल्या तेलांसाठी मर्यादा घालते: पेरॉक्साइड लिटरला 10 मिलिमोलपेक्षा कमी हवं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अर्धी रिकामी, उन्हात ठेवलेली बाटली ही मर्यादा कधी ओलांडेल सांगता येत नाही. जाणता माणूस तेल लहान, गळ्यापर्यंत भरलेल्या गडद बाटल्यांत ओततो, थंड जागी ठेवतो, त्यात ऑक्सिडीकरण रोखणारं बीएचटी घातलंय का ते विकणाऱ्याला विचारतो. वास जरा चिकट, रंगासारखा वाटू लागला की ती बाटली अत्तराच्या फळीवरून उतरवून रंगाऱ्याला ब्रश धुवायला देऊन टाकतो.