निमंत्रकांची ओळ

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं कुणीही बसवील. डोकं लागतं ते खाली निमंत्रकांच्या ओळीला. हल्ली आमच्या छापखान्यात संगणकावर भाचा बसतो. हात माझ्यापेक्षा चलाख. परवा जागा पुरेना म्हणून त्यानं चुलत्यांची नावं उडवून ‘समस्त परिवार’ टाकलं. ते प्रूफ मी जाऊ दिलं नाही. समस्तांत कुणाचाच मान राहत नाही.

नाव खाली गेलेला माणूस पुढं काय करील, हे धरूनच मी जुळणी करतो. रुसणाऱ्याची भीती नाही. तो मांडवाच्या कडेला उभा राहतो, कुणीतरी हाताला धरून न्यावं म्हणून. फुगलेला टॉवेल-टोपीवर पंगतीला बसतो. हिरमुसलेली आत्या ‘असू दे’ म्हणते आणि कामाला लागते. तिचं मला फार वाईट वाटतं. घोर असतो तो मनात अढी बसलेल्याचा. तो वेळेवर येतो, अक्षता टाकतो, हसून बोलतो. मग सोमेश्वर कारखान्याची टोळी फडात उतरली, की बांधावरून उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत नाही. तुटलेला ऊस वाळतो, वजन घटतं. कारण विचारा, पत्रिकेचं नाव तो कधीच काढणार नाही.

अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ हे तर माझं जन्माचं कोडं. एकाखाली एक लावले, तर खालच्याच्या जिव्हारी लागतं. शेजारी लावले, तरी डावीकडचा आधी वाचला जातो. खिळे जुळवायचो तेव्हापासून यावर झटतोय. थोरला डावीकडे, धाकट्याच्या नावाखाली त्याचं पद, दोघांचा टाइप एकच, मधे बोटभर मोकळी जागा. बहुतेक वेळा निभावतं. अशी जुळणी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नाही असं मला वाटतं, आणि कुणी तसं म्हटलं की दिवसभर बरं वाटतं.

बारामतीत सोनेरी गणपतीच्या, मखमली पाकिटाच्या पत्रिका मिळतात. नावं गिऱ्हाईक देईल तशी चिकटवतात. फोनवरच्या पत्रिकेत तर नुसती जोडी नाचते. हळदकुंकू लावलेला कागद हातात आला नाही, तर म्हातारी माणसं मनाला लावून घेतात, हे असल्या पत्रिका करणाऱ्या पोरांना सांगणार कोण?

कुणाचं कुणाशी कधी बिनसलं, हे पुरुष विसरतात. पत्रिका छापायला द्याल, तेव्हा नावांचा कागद आधी घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला वाचून दाखवा.