बोथ्याच्या घाटात समुद्र

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. डोंगर आहे, कापूस आहे, लोणारचे खारे पाणी आहे. पण समुद्र पाहायचा तर रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठावी लागते. असे असूनही दोन-अडीच वर्षे मी जवळजवळ दर आठवड्याला समुद्रातून प्रवास करीत होतो. वाचकहो, प्राध्यापकाचे डोके फिरले असे समजू नका. ही सगळी करणी माझ्या दादाच्या गाडीची.

दादा जपानात नगोयाला इंजिनिअर होता. २००६ साली तो कायमचा परत आला, तेव्हा आपली तिथली टोयोटा गाडी बरोबर घेऊन आला. जकातीपायी त्याने जे पैसे भरले, त्यात इथे नवी गाडी आली असती. पण जपानात आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात आणि सुकाणू उजवीकडे असते, एवढ्या एका गोष्टीवर तो खूश होता. २०२१ साली दादा गेला. पुढच्या वर्षी वहिनींनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “भावजी, पुण्यात ती नुसती उभी आहे. तुमच्याकडे निदान फिरेल तरी.”

गाडी फिरू लागली. इंजिनाला वीस वर्षे झाली तरी त्याची कुरकुर नव्हती. कुरकुर होती ती समोरच्या फळीतल्या यंत्राची. वर पडदा, त्याखाली तबकडीची फट आणि त्याखाली कॅसेटची फट असे ते त्रिमजली यंत्र होते. किल्ली फिरवली की एक बाई अत्यंत अदबीने जपानीत काहीतरी म्हणे. सुरुवातीला मला वाटे, नमस्कार करीत असावी. पुढे वहिनींनी अर्थ सांगितला: “टोलचे कार्ड बसवलेले नाही.” जपानात २००१ पासून टोलनाक्यावर न थांबता पैसे भरण्याची सोय आहे, आणि त्याचे कार्ड नसले की ही बाई आठवण करून देते. आपल्याकडे २०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाला. मी तो काचेवर चिकटवलाही. पण बाईची समजूत पटेना. बुलढाण्याच्या बाजारातून भाजी आणायला निघालो तरी ती टोलची काळजी करी.

आणि समुद्र? त्या पडद्यावर नकाशा होता तो जपानचा. उपग्रह आपले काम चोख करीत. गाडी कुठे आहे हे यंत्राला पक्के ठाऊक असे. पण तबकडीवर त्या जागी जमीनच नव्हती. म्हणून राजूरच्या घाटात, बोथ्याच्या जंगलात, मलकापूरच्या स्टेशनाबाहेर, सगळीकडे एक छोटा बाण निळ्या पोकळीत तरंगत राही. चित्रपट पाहावा तर तोही हट्टी. चित्रपटांच्या तबकड्यांसाठी जगाचे प्रांत पाडले आहेत. जपान दुसऱ्या प्रांतात आणि आपण पाचव्या. आपल्या प्रांताची खूण असलेली तबकडी घातली की यंत्र ती जीभ बाहेर काढावी तशी परत देई.

रेडिओची तऱ्हा तर त्याहून गमतीची. जपानात एफएमचा पट्टा पूर्वापार ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ असा होता. आपला ८७.५ पासून १०८ पर्यंत जातो. म्हणजे दोघांच्या अंगणाला लागून असलेली जागा अडीच मेगाहर्ट्‌झची आणि आपली बहुतेक केंद्रे तिच्या पलीकडे! जपानी गाड्या जुन्या झाल्या की न्यूझीलंडपासून केनियापर्यंत जातात आणि तिथेही हेच रडगाणे असते. त्यावर तोडगा म्हणून एक लहानशी डबी मिळते. ती एरियलच्या तारेत बसवली की सगळी केंद्रे काही मेगाहर्ट्‌झने खाली सरकतात. ९८ वरचे केंद्र ७८ वर ऐकू येते. मध्यम लहरींचे मात्र दोन्ही देशांत गोत्र एक. दोन केंद्रांमधले अंतर नऊ किलोहर्ट्‌झ. म्हणून रात्री घाटमाथ्यावर गाडी थांबवली की खरखरीतून एखादे आकाशवाणी केंद्र सापडे आणि परक्या गावात आपल्याकडचा माणूस भेटावा तसा आनंद होई.

ती डबी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून बसवून घेतली. त्या गृहस्थांनी तिची लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या तारेला जोडण्याऐवजी सरळ बॅटरीला जोडली. दिवाळीच्या सुटीत गाडी दहा दिवस उभी राहिली. अकराव्या दिवशी किल्ली फिरवली, तर बाईने टोलची चौकशीसुद्धा केली नाही. बॅटरी निर्जीव!

तरीही मी ते यंत्र बदलत नव्हतो. कारण त्याच्या पोटात एक कॅसेट अडकलेली होती.

१९९९ च्या दिवाळीत दादा जपानहून आला होता. लोणारच्या घरी पहाटे आई जात्यावर दळत होती, तेव्हा त्याने शेजारी यंत्र ठेवून तिच्या ओव्या भरून घेतल्या. पुढे तीच कॅसेट त्याने नगोयाच्या रस्त्यांवर या गाडीत वर्षानुवर्षे ऐकली. ती दुसरीकडे उतरवून ठेवावी असे कोणाच्या मनात आले नाही. जी वस्तू नेहमी हाताशी असते तिची नक्कल कोण करतो? दादा गेल्यानंतर वहिनींनी एकदा कळ दाबली, यंत्र कण्हले, फीत कुठेतरी गुंडाळली गेली आणि गप्प झाली. वर्गात मी मुलांना लोकवाङ्मय शिकवतो, ओवी गोळा करण्याचे महत्त्व सांगतो, आणि घरची ओवी अशी डॅशबोर्डमध्ये कुलूपबंद!

शेवटी गेल्या वर्षी, दिवाळीच्या चार दिवस आधी, मी खामगावला निघालो. तिथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान आहे. मराठीत तो जेमतेम पास झाला होता. पण तारांचे व्याकरण त्याला उत्तम येते, असे ऐकून होतो.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर. भिल्लठाणा या शब्दावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. खामगाव खाली, पूर्णेच्या काळ्या खोऱ्यात. मधला बोथ्याचा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरतो. पाऊस नुकताच सरलेला, सागाची पाने अजून हिरवी, आणि वळणावळणावर गवताचा पिवळा तुरा. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत, तेराशेहून अधिक किलोमीटर चालत या जंगलात येऊन पोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून त्याची वाट माणसांना कळली. माझ्या गाडीतला बाण त्या सकाळीही समुद्रातच होता. वाघाचा रेडिओ आमच्यापेक्षा शहाणा, असे म्हणत मी घाट उतरलो.

खामगाव हे कापसाचे आणि चांदीचे गाव. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, सराफ्यात दिवाळीची गर्दी. दुकानात शिरताच विद्यार्थ्याने हातातला पाना खाली ठेवून वाकून नमस्कार केला. “सर, तुम्ही कशाला आलात? मीच आलो असतो.”

मी म्हटले, “अरे, यंत्र बदलायचे आहे. पण आधी आतली कॅसेट सुखरूप काढ. ती फाटली तर मला नवे यंत्रही नको.”

त्याने प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने फळीचे आवरण हलकेच उचकटले. चार स्क्रू निघाले आणि इतकी वर्षे जागा धरून बसलेले यंत्र बाहेर आले. मागे दोन जोडण्या होत्या, एक दहा टोकांची आणि एक सहा टोकांची. “टोयोटाची खूण आहे ही, सर,” तो म्हणाला. “हिच्यासाठी तयार तारजोड मिळते. मूळची एकही तार कापायची नाही.” आधीच्या दुकानातली डबी काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली आणि आधीच्या कारागिराबद्दल चकार शब्द काढला नाही. मला त्याचे फार कौतुक वाटले. आम्ही प्राध्यापक मंडळी दुसऱ्याच्या प्रबंधाबद्दल इतका संयम दाखवत नाही.

यंत्राचे झाकण उघडले तेव्हा कळले की रबराचे चाक वितळून काकवीसारखे चिकट झाले होते आणि फीत त्याला विळखा घालून बसली होती. त्याने आपल्या चुलत्यांना बोलावले. एके काळी त्यांची कॅसेटी भरून देण्याची टपरी होती. भजनी मंडळांपासून लग्नाच्या वरातींपर्यंत सगळ्यांना ते गाणी भरून देत. त्यांनी चष्मा लावला, चिमटा घेतला आणि अर्धा तास ते एक शब्दही बोलले नाहीत. मी बाहेर चहा मागवला. तो तसाच थंड झाला.

“सर,” ते अखेर म्हणाले, “वीतभर कापावी लागंल. बाकी सगळी वाचते.”

कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. वीतभर म्हणजे चार सेकंद. एका तासाच्या कॅसेटीतले चार सेकंद! हिशेबाने काहीच नाही. पण ओवीचा एक चरण तेवढ्यातच बसतो. मी मान हलवली. त्यांनी फीत कापली, दोन्ही टोके जोडली आणि ती दुसऱ्या डबीत भरली.

जुन्या टेपवर ती चढवून तार संगणकाला लावली. प्रथम खरखर, मग दादाचा आवाज आला, “हं, म्हण आता.” त्यामागून आईचा, “थांब ना रे, वैरण टाकू दे.” आणि जाते फिरू लागले.

विद्यार्थी कानाला यंत्र लावून ऐकत होता. म्हणाला, “सर, खालून घरघर येते आहे. संगणकावर काढून टाकता येते. आवाज एकदम स्वच्छ होईल.”

“अरे, ते जाते आहे,” मी म्हणालो.

तो ओशाळला. त्याचा काय दोष? त्याच्या घरी जाते फक्त लग्नात हळदीपुरते निघत असेल. पण खरे सांगतो, मीही एक विचार केला होता. दादाचे ते तीन शब्द काढून टाकावेत का? आईचे वय ब्याऐंशी. तिला ते सोसवतील का? तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले. घरघर राहिली, दादाही राहिला.

तोवर नवे यंत्र बसत होते. जुन्या टोयोटाच्या फळीतली खाच २०० मिलिमीटर रुंद आणि जगभर चालणारे यंत्र १८० चे; दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरच्या पट्ट्या लावून त्याने ती उणीव बुजवली. पिवळी तार कायमच्या विजेला, लाल किल्लीच्या विजेला, काळी गाडीच्या अंगाला. हातब्रेकची एक तार उरली. “ही जोडली की ब्रेक लावल्याशिवाय चित्र दिसत नाही, सर. बरेच लोक तिला बगल द्यायला सांगतात.” मी म्हटले, “जोड बाबा. घाटात मला फक्त घाट पाहू दे.” किल्ली फिरवली. बाई बोलली नाही. पडद्यावर खामगाव उमटले, त्याचे रस्ते, आणि बरोबर त्या दुकानाच्या दारात आमचा बाण. समुद्र आटला होता. क्षणभर मला त्या बाईची चुकचुक वाटली.

संध्याकाळी मी जानेफळवरून मेहकरकडे निघालो. मेहकर ना. घ. देशपांड्यांचे गाव. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकात जी. एन. जोशींच्या गळ्यातून ध्वनिमुद्रिकेवर गेली आणि मराठी भावगीत घरोघर पोचले. वकिली करणाऱ्या एका कवीचा शब्द लाखेच्या तबकडीवर चढून महाराष्ट्रभर फिरला. यंत्राला नावे ठेवण्यापूर्वी आम्हा भाषेच्या लोकांनी हे आठवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला शेजारी बसवून लोणारच्या विवराच्या काठावर गेलो. अठराशे मीटर व्यासाचे ते कातळातले प्रचंड ताट, तळाशी हिरवट पाणी. २०२० च्या जूनमध्ये तेच गुलाबी झाले होते आणि जग पाहायला धावले होते. आईने ते जन्मभर पाहिलेले. तिने काच खाली करून पदर सावरला, इतकेच.

मी कळ दाबली.

“हं, म्हण आता.”

आईचा हात गुडघ्यावर होता, तो तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्याकडेही नाही. मग जाते फिरू लागले. नव्या यंत्रातून त्याची घरघर पायाखालून यावी तशी गाडीभर पसरली. पहिली ओवी गेली, दुसरी गेली. आता तो जोड येणार हे मला माहीत होते. मी श्वास रोखला. आवाज तुटला आणि पुढच्याच चरणावर उडी मारून निघाला. पण माझ्या शेजारून, थकलेल्या, फाटक्या आवाजात, गेलेला चरण बरोबर आला. तिला आपण काही भरून काढले याची जाणीवही नव्हती. चरण म्हणायचा असतो म्हणून तिने म्हटला.

बाजू संपली. बराच वेळ कोणी बोलले नाही. विवरातून मोरांची केका येत होती. मला वाटले, आता ती दादाविषयी काही बोलेल.

“दयन जाडं पडलं होतं त्या दिशी,” आई म्हणाली. “आवाजावरून कयते. त्यानं मले घाई केली ना.”

आणि डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, “लाव पुन्हा.”