टेम्पोची अक्कलदाढ

गाडी चालवणाऱ्याला सल्ला देणं हा आपल्याकडे शेजारी बसणाऱ्याचा जन्मसिद्ध हक्क मानला जातो. त्यातून ज्याला स्वतःला गाडी येत नाही, त्याचा हक्क दुप्पट. हा हक्क मी रिक्षापासून एस.टी.पर्यंत सर्व वाहनांत गेली वीस-बावीस वर्षं विनामोबदला बजावत आलो आहे. पण गेल्या वर्षी टेक्सासला मेहुण्याकडे महिनाभर राहायला गेलो, त्याच्या गाडीत बसलो आणि बघतो तर काय, माझ्या आधीच तिथे एक सल्लागार नेमलेला! बरं, तो नुसतं 'अरे हळू, अरे पुढे बघ' करून थांबणारा नव्हता. परस्पर ब्रेकच लावत होता.

मेहुणा डलासच्या उत्तरेला फ्रिस्को नावाच्या उपनगरात राहतो आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याने पिकअप घेतली आहे. पिकअप म्हणजे पुढे पाच माणसांची ऐसपैस खोली आणि मागे उघडा हौदा. सासूबाई त्या वेळी सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. त्या पहिल्या दिवसापासून या वाहनाला टेम्पो म्हणत.

"अरे, टेम्पो काढ, भाजी आणायचीय."

"आई, टेम्पो नाही गं. ट्रक म्हणतात इथे."

"ट्रक याहून मोठा असतो. आणि टेम्पोची लाज कसली? तुझ्या मामाचा टेम्पोच होता."

यावर मेहुणा गप्प बसे. गाडीची किंमत त्याने मला डॉलरमध्ये सांगितली, मी ती मनातल्या मनात रुपयांत केली आणि मीही गप्प बसलो. त्या अवाढव्य हौद्यातून महिनाभरात आम्ही काय वाहून नेलं म्हणाल, तर कणकेच्या दोन पिशव्या, कढीपत्त्याचं एक रोप आणि माझी बॅग.

तर या टेम्पोला 'अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल' नावाची अक्कलदाढ आलेली होती. नुसतं क्रूझ कंट्रोल तसं जुनं. एकदा वेग ठरवून दिला की गाडी तो धरून ठेवते आणि आपला पाय मोकळा. त्याचा मूळपुरुष राल्फ टीटर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला हा इंजिनिअर. पाचव्या वर्षी अपघातात त्याची दृष्टी गेली होती. असं सांगतात, की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की गाडी हळू होई आणि ऐकायला लागला की पळे. या हिसक्यांना वैतागून टीटरने वेग धरून ठेवणारं यंत्र काढलं. १९५० साली त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांत ते बसलं. म्हणजे पाहा, हा शोध गाडी चालवणाऱ्याने लावलेला नाही, शेजारी बसणाऱ्याने लावलेला आहे! हे ऐकून माझा ऊर भरून आला. आमच्या जातीचा माणूस पुढे गेला याचा आनंद वेगळाच.

पण टीटरच्या यंत्राला पुढे कोण आहे याची फिकीर नव्हती. ती अक्कल नंतर आली. १९९५ साली मित्सुबिशीने जपानात पुढच्या गाडीचं अंतर ओळखून वेग कमी करणारी गाडी काढली, मात्र ती ब्रेक लावत नसे. १९९९ साली मर्सिडीझची रडारवाली आली, ती ब्रेकही लावू लागली. आता हे लोण पिकअपपर्यंत पोचलं आहे. गाडीच्या नाकात एक रडार असतं. त्याच्या लहरी पुढच्या गाडीवर आपटून परत येतात आणि त्यावरून ती किती लांब आहे, जवळ येतेय की लांब जातेय, हे कळतं. तुम्ही वेग सांगायचा, अंतर सांगायचं. बाकी गाडी बघते.

ती काय बघते, हे मी महिनाभर बघत होतो.

पहिली गोष्ट अंतराची. हे यंत्र अंतर फुटांत न मोजता सेकंदांत मोजतं. ताशी ७० मैल वेग असेल, तर गाडी सेकंदाला शंभर फूट जाते. मेहुण्याने सर्वांत सुरक्षित म्हणून तीन सेकंदांचं अंतर लावलेलं. म्हणजे पुढे तीनशे फूट मोकळे! आमच्या डोंबिवलीत तीनशे फुटांत एक रिक्षास्टँड, दोन वडापावच्या गाड्या, गणपतीचा मांडव आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक एवढं मावतं आणि वर माणसंही चालतात. टेक्सासची माणसं सभ्य खरी, पण तीनशे फूट मोकळी जागा बघून कुणाचंही मन चळतं. एक जण मध्ये घुसे. आमचा टेम्पो आदबीने मागे सरून पुन्हा तीनशे फूट सोडी. लगेच दुसरा घुसे. टेम्पो पुन्हा मागे. मी मेहुण्याला म्हटलं, "अशाने आपण ऑस्टिनला पोचायच्या ऐवजी हळूहळू डलासला परत जाऊ."

दुसरी गोष्ट वळणाची. वळणावर रडारची नजर सरळ जाते आणि शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्याच पुढ्यात दिसतो. मग काही कारण नसताना कचकन ब्रेक. आमच्याकडे एक कॅशियर होते. शेजारच्या खिडकीपुढची रांग वाढली की ते आपली खिडकी बंद करत. त्यांची मला फार आठवण झाली.

तिसरी गोष्ट निरोपाची. पुढची गाडी महामार्ग सोडून बाहेर पडू लागते. ती जवळजवळ गेलेली असते, तरी आमचा टेम्पो वेग कमी करून तिला पार कोपऱ्यापर्यंत पोचवायला थांबतो. आपण जिन्यात उभं राहून पाहुण्यांना निरोप देतो ना, तसं.

आणि चौथी गोष्ट अशी, की पाऊस कोसळू लागला किंवा नाकावर चिखल बसला, की डॅशबोर्डावर सूचना येते : सेन्सर झाकला गेला आहे, सेवा उपलब्ध नाही. म्हणजे लख्ख उन्हात मोकळ्या रस्त्यावर हे साहेब हजर आणि मुसळधार पावसात रजेवर. रजेचा अर्जसुद्धा ऐन वेळी.

पण मला सगळ्यात विचार करायला लावलं ते पाचव्या गोष्टीने. मेहुण्याने वेग ७०वर लावला होता. पुढे एक लांबलचक ट्रक ५८ने चालला होता. टेम्पोने त्याच्यामागे ५८ धरले, इतक्या हळुवारपणे की आम्हाला कळलंसुद्धा नाही. वीस मिनिटं झाली. शेजारून गाड्या सूंसूं जात होत्या आणि आम्ही सत्तरने चाललो आहोत अशा समाधानात बसलो होतो. काट्याकडे नजर गेली तेव्हा उलगडा झाला. आता हा अनुभव काही फक्त गाडीतला नाही. नोकरीला लागताना प्रत्येकाने सत्तरच लावलेले असतात हो! पुढे कुणी अठ्ठावन्नवाला येतो आणि आपण त्याच्यामागे निवृत्तीपर्यंत सुखाने जातो.

आम्ही कॉमर्सवाले. बारीक टायपातल्या अटी वाचायची आम्हाला सवय. म्हणून एका दुपारी मी गाडीची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. लिहिणारा इसम पूर्वी कर्जखात्यात असणार, याबद्दल माझी खात्री आहे. वळणावर भरवसा ठेवू नये. मोटारसायकल दिसेलच असं नाही. खराब हवेत वापरू नये. थांबलेलं वाहन ओळखलं जाईलच असं नाही. आणि शेवटी, सर्व काळ लक्ष ठेवण्याची जबाबदारी चालकाची. इंजिनिअर मंडळींनी स्वयंचलित गाड्यांच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या केल्या आहेत. त्यात नुसतं हे क्रूझ कंट्रोल पहिल्या पायरीवर येतं. म्हणजे बालवाडी सुटून नुकतंच पहिलीत गेलेलं पोर. त्याच्या हातात आपण पाच माणसं देतो.

आमच्या बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. मेकर शंभर नोंदी बरोबर करतो, तेव्हा चेकरची मान शंभर वेळा होकारार्थी हलते. एकशेएकावी नोंद चुकीची येते, तरी मान आपली हलतेच, कारण मानेला वळण लागलेलं असतं. आणि चौकशी होते तेव्हा सही चेकरची निघते. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भावोजी, यावर लेख आहे." लिझान बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच हे लिहून ठेवलं आहे म्हणे. यंत्र सोपं काम आपल्याकडे घेतं आणि अवघड तेवढं माणसासाठी ठेवतं. आणि सोप्या कामाचा सराव सुटल्यामुळे माणूस नेमका अवघड वेळी कच्चा पडतो. बाई आमच्या शाखेत कधी आल्या नव्हत्या, तरी त्यांना हे कळलं, याचं मला कौतुक वाटतं.

सासूबाईंनी मात्र यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांची जागा मागच्या सीटवर मधोमध, पुढच्या दोन सीटांच्या फटीतून थेट रस्ता दिसेल अशी. दर पाच मिनिटांनी त्यांचा एकच प्रश्न :

"पाय ब्रेकवर आहे ना रे?"

"आई, गाडी बघते."

"गाडीला डोळे कुठे आहेत?"

"नाकात आहेत."

"असं कुठे असतं का?"

ऑस्टिनला निघालो त्या दिवशी हा संवाद वेकोच्या अलीकडे दहाव्यांदा झाला. पुढे एक उंच ट्रक होता आणि आम्ही त्याच्यामागे. दहाव्यांदा विचारल्यावर मेहुणा म्हणाला, "बरं बाई, ठेवला." आणि निव्वळ तो प्रश्न बंद व्हावा म्हणून त्याने खरोखरच पाय ब्रेकवर नेला.

पुढच्या क्षणी ट्रकने लेन बदलली. ट्रक बाजूला झाला आणि त्याच्या आड होती ती निळी गाडी दिसली. दिवे लुकलुकत, रस्त्याच्या मधोमध, बंद पडून उभी. आमच्या टेम्पोला मात्र ती गाडी दिसली नाही. त्याला एवढंच दिसलं, की पुढचा गेला, रस्ता मोकळा, साहेबांनी ७० सांगितलेत. त्याने इंजिनाचा आवाज चढवला आणि तो हौसेने पुढे झेपावला. मेहुण्याने ब्रेक दाबला. सगळा टेम्पो पुढे वाकला, माझा पट्टा छातीत रुतला, मागे कुणीतरी किंचाळलं. थांबलो तेव्हा त्या निळ्या गाडीच्या मागच्या काचेतली लहान मुलाची खुर्ची मला स्पष्ट दिसत होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मेहुण्याचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता. नंतर आम्ही बाजूने पुढे गेलो, रस्त्यात पेट्रोल पंपावर थांबलो आणि सर्वांनी निमूट कॉफी घेतली.

तिथे मेहुण्याने मला कारण सांगितलं. रडारला थांबलेल्या वस्तू दिसत नाहीत असं नाही. उलट फार दिसतात. पुलाचे खांब, पाट्या, कठडे, सगळंच उभं असतं. त्या प्रत्येकाला बघून गाडी ब्रेक मारायला लागली तर कुणी कुठे पोचायचंच नाही. म्हणून त्याला शिकवलेलं असतं, की जी गोष्ट आधीपासून हलताना दिसली नाही, ती फारशी मोजू नकोस. आता जोडीला कॅमेरे आलेत, सुधारणा झाली आहे, तरी पुस्तिकेतली ती ओळ काही गेलेली नाही.

आमच्याकडे दोन वर्षांहून जास्त काळ उलाढाल झाली नाही, की खातं निष्क्रिय होतं. त्यात पैसे असतात, माणूस असतो, पण हालचाल नाही म्हणून ते यादीतून वेगळं पडतं. मेहुण्याच्या घरी सकाळी आठ वाजता सगळे हलू लागत. मुलं शाळेला, तो ऑफिसला, त्याची बायको इस्पितळात ड्युटीवर. आमची ही आणि मीसुद्धा काही ना काही बघायला बाहेर. सासूबाई खिडकीपाशी. तिकडे गाडीशिवाय कोपऱ्यावरचं दुकानही गाठता येत नाही आणि त्यांना गाडी येत नाही. "आई, तू नुसती बस," असं सगळे प्रेमाने सांगत आणि त्या नुसत्या बसत. कॉफी पिताना मेहुणा आईकडे बघत होता. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

निघताना त्याने पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "आई, तू पुढे बस." माझी बदली मागच्या सीटवर झाली. सेवाज्येष्ठतेने झालेल्या नेमणुकीविरुद्ध अपील चालत नाही, हे मला नोकरीमुळे माहीत आहे.

पुढचे शंभर मैल सासूबाई पदर खोचून, ताठ बसून होत्या. रडार चालू होतं, त्याच्या वरचढ त्या चालू होत्या.

"अरे, तो पांढरा थांबलाय बघ कडेला."

"बघितला, आई."

"आणि पाय?"

"ब्रेकवर."

"मग चालव सावकाश. टेम्पो चांगला आहे तुझा."

मेहुण्याने या वेळी 'ट्रक म्हण' असं म्हटलं नाही.