कविकट्ट्याची रांग

लिहू लागलेल्या पोरापोरींना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो: संमेलनाला गेलात तर उद्‌घाटन, अध्यक्षीय भाषण आणि परिसंवाद चुकवू नका, नाव नोंदवून कुणीही कविता वाचतो त्या कविकट्ट्याकडे फिरकू नका. शिवाय जमेल तितक्या मोठ्या लेखकांपुढे त्यांना नेऊन उभं करायचो. लेखक मान डोलवायचे, फोटो निघायचा, संपलं.

फेब्रुवारी 2023 मध्ये 96वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरलं. न्या. नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष. 1969 साली पु. शि. रेग्यांच्या अध्यक्षतेखाली इथंच भरलं होतं, त्यानंतर हा मान थेट तेव्हा. म्हणून हिंगणघाटहून नेलेल्या माझ्या पोट्ट्यांना मी पत्रिकेवर खुणाच करून दिल्या. उद्‌घाटनात मुख्यमंत्री बोलत असताना वेगळ्या विदर्भाच्या घोषणा झाल्या. पोट्ट्यांना त्या दिवसातलं तेवढंच आठवतं!

दुसऱ्या दिवशी आमची एक मुलगी मांडवातून गायब. सापडली कविकट्ट्याच्या रांगेत. नंबर येईपर्यंत कुठकुठली माणसं एकमेकांच्या वह्या चाळत होती. एसटीतले एक कंडक्टर तिला म्हणत होते, ‘‘शेवटच्या दोन ओळी काढ बाई, कविता आधीच संपली.’’ तिनं तिथंच खोडल्या. माझं तिनं कधी इतकं मुकाट ऐकलं नव्हतं.

कट्ट्यावर कविता कोणी मनापासून ऐकत नाही, हे मी आजही म्हणतो. पण रांगेत वाचतात. मोठ्या लेखकाला दिवसभर नवे चेहरे भेटतात, तो कुणाकुणाला लक्षात ठेवणार? बरोबरीचा माणूस तुमची कविता घरी गेल्यावरही वाचतो, कारण त्याला त्याची वाचून घ्यायची असते. स्वार्थ असेना का.

त्याच दिवसांत शहरात 17वं विद्रोही साहित्य संमेलनही होतं, चंद्रकांत वानखडे अध्यक्ष. माणसानं एका मांडवाशी इमान राखावं, असं मानणारा मी. आमच्या पोट्ट्यांची टोळी दुपारी तिकडे गेली, संध्याकाळी दोन्हीकडचं घेऊन भांडत परतली. जोतिराव फुल्यांनी 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण नाकारलं, तो वाद मी वर्गात तासभर शिकवायचो. त्याची दोन्ही टोकं, सभेचं आणि नकाराचं, एकाच गावात बघायला मिळत असताना मी मुलांना एकाच मांडवात बसवून ठेवलं होतं.

आता नव्यांना सांगतो, अध्यक्षांचं भाषण छापील मिळतं, ते घरी निवांत वाचा. प्रकाशकांच्या गाळ्यांवर पहिल्या सकाळी जा, तेव्हा त्यांना बोलायला सवड असते. हस्तलिखित मात्र पिशवीतच राहू द्या. आधी त्यांनी काय काढलंय ते बघा. कट्ट्यासाठी नाव नोंदवा, नंबर उशिरा लागला तर कुरकुरू नका.

माझे एक जुने सहकारी म्हणतात, अशा ओळखीपाळखीतून लेखक घडत नाही. नसेल घडत. त्या मुलीची कविता मात्र दोन ओळींनी कमी झाली, आणि चांगली झाली.