बंद खोलीतला आकडा

वार्षिक रेटिंग ज्यांच्या पदरात पडतं, त्यांतल्या बहुतेकांनी ते जिथे ठरतं ती खोली कधी पाहिलेली नसते. मी पाहिली आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड झाल्यावर मला ‘नॉर्मलायझेशन’च्या बैठकांना बोलावणं येऊ लागलं. भिंतीवरच्या पडद्यावर एक एक्सेल शीट उघडलेली असते. डावीकडे नावं, त्यापुढे लीडने सुचवलेलं रेटिंग, आणि वरच्या कोपऱ्यात कुठल्या श्रेणीत किती टक्के माणसं बसली पाहिजेत त्याचा तक्ता. वरच्या श्रेणीत माणसं जास्त झाली की तो रकाना लाल होतो. मग एकेक नाव निघतं. हिला चार कशाला? तीन केलं तर चालेल का? रकाना हिरवा होईपर्यंत बैठक उठत नाही.

अशाच एका बैठकीत माझ्या टीममधल्या एका मुलीचं रेटिंग खाली आलं. वर्षभर तिने एका बँकेची जुनी प्रणाली नव्यावर नेण्याचं काम ओढलं होतं. रात्री-अपरात्री फोन आले तरी उठायची, आणि सकाळी कुठे काय बिघडलं होतं त्याचं नीट टिपण लिहून ठेवायची. फेब्रुवारीत क्लायंटने तो प्रोजेक्टच थांबवला, त्यामुळे वर्षाच्या शेवटी दाखवायला तिच्या हाती काही उरलं नाही. मी भांडले. जे सांगण्यासारखं होतं ते सगळं सांगितलं आणि त्यातलं एकही वाक्य कुणी खोडून काढलं नाही. एवढंच म्हणाले, ‘मग तुझ्याच टीममधलं दुसरं नाव दे, त्याला खाली घेऊ.’ दुसरं नाव मी दिलं नाही. तिचं खाली गेलं.

तिला सांगायची कारणं मात्र नंतर तयार होऊन आली. व्हिजिबिलिटी कमी पडली, ओनरशिप वाढवायला हवी. मी तिला आधी सांगितलं की माझ्या मते तिचं काम उत्तम होतं आणि मी वेगळं रेटिंग सुचवलं होतं. मग ती कारणं वाचून दाखवली. तिने ती वहीत लिहून घेतली आणि विचारलं, ‘ओनरशिप म्हणजे मी नेमकं काय करायला हवं होतं?’ तिला खरंच उत्तर हवं होतं. पुढच्या वर्षी ते करून दाखवायची तिची तयारी होती.

अन्यायकारक रेटिंगचा सगळ्यात वाईट भाग मला इथे दिसतो. पगारवाढ जाते, ते नुकसान असतंच. पण प्रामाणिक माणूस त्या आकड्याचं कारण स्वतःत शोधायला लागतो. कारण त्याच्यात नसतंच, म्हणून शोध संपत नाही. मीटिंगमध्ये कमी बोललो का, त्या मेलला उशीर झाला का, साहेबांना काही लागलं का, असं महिनोन् महिने चालतं. माझं स्वतःचं रेटिंग घसरलं त्या वर्षी मीही यातून गेले. आकडा कसा बनतो हे आतून माहीत असूनही रात्री झोप लागत नव्हती.

माणसांना अशी ठरावीक टक्केवारीत वाटण्याची पद्धत नावारूपाला आली ती १९८०च्या दशकानंतर, जॅक वेल्च प्रमुख असतानाच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीमुळे. वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १०. तळाच्यांना बाहेरचा रस्ता. पुढे कितीतरी कंपन्यांनी तिचं अनुकरण केलं. मायक्रोसॉफ्टने ती नोव्हेंबर २०१३मध्ये सोडली, आणि खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही नंतर वेगळी वाट धरली. पण तिचा सांगाडा अनेक ठिकाणी अजून उभा आहे. हजारो माणसांची उंची मोजली तर आलेख घंटेच्या आकाराचा येतो हे खरं. मुलाखतींच्या चाळण्या लावून निवडलेल्या आठ जणांच्या टीममध्ये तो आकार उमटेलच, असं गणित सांगत नाही. तिथे तो वरून बसवावा लागतो, कारण पगारवाढीची रक्कम आधीच ठरलेली असते आणि तिचं वाटप करायचं असतं.

गुणवत्तेच्या क्षेत्रात एडवर्ड्स डेमिंग यांचं नाव फार आदराने घेतलं जातं. युद्धानंतरच्या जपानी उद्योगांनी त्यांच्याकडून पुष्कळ घेतलं. ते आपल्या कार्यशाळांत लाल मण्यांचा एक प्रयोग करून दाखवत. पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल, बाकीचे पांढरे. श्रोत्यांतून सहा जणांना ‘कामगार’ म्हणून पुढे बोलवायचं. प्रत्येकाने पन्नास खळग्यांची फळी मण्यांत बुडवून वर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. फळी कशी धरायची, किती तिरकी करायची, सगळे नियम ठरलेले. डेमिंग मुकादम होत. ज्याच्या फळीवर लाल मणी कमी आले त्याचं कौतुक करत, ज्याचे जास्त आले त्याला सगळ्यांसमोर झापत आणि शेवटी कमी पडलेल्यांना कामावरून काढून टाकत. आधीच्या फेरीतला शाबासकीवाला पुढच्या फेरीत अनेकदा खाली यायचा. सगळ्यांच्या फळ्या एकाच पेटीत बुडत होत्या आणि पेटीत लाल मणी कुणी घातले, हे कामगारांच्या हातात नव्हतं. वार्षिक मूल्यमापनाला डेमिंग यांनी व्यवस्थापनाच्या घातक रोगांमध्ये गणलं होतं. त्या मुलीचा थांबलेला प्रोजेक्ट हा असाच लाल मणी होता. क्लायंटने घातलेला.

कपातीची भीती याच आकड्याला धरून येते. कंपनी अडचणीत आली की पहिल्यांदा तीच शीट उघडली जाते. जुलै २०२५मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या जवळपास दोन टक्के नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतल्या लोकांचा भरणा जास्त असेल असंही सांगितलं. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत, ज्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता त्यांच्याही घरी त्या दिवसांत हाच विषय होता. चाळिशीत आलेला माणूस, फ्लॅटचा हप्ता, मुलाची दहावी, गावी आई-वडिलांची औषधं. एचआरकडून विषय न लिहिलेलं बैठकीचं आमंत्रण आलं तरी हात थंड पडतात.

या भीतीने माणसं कशी बदलतात ते मी जवळून पाहिलं आहे. लोक हक्काची रजा घेत नाहीत. रात्री अकराला मुद्दाम चॅटवर आपण हजर असल्याचा हिरवा ठिपका दिसेल असं बसतात. आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते हे, की शेजारच्याला शिकवायचं थांबवतात. एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच येत असेल तर आपल्याला काढणार नाहीत, हा हिशोब. एकमेकांचे सांगाती असलेले लोक अशाने एकमेकांचे स्पर्धक होतात आणि आपलं रेटिंग लाज वाटल्यासारखं लपवतात.

सरकारी नोकरीत गोपनीय अहवालांची अशीच गुपचूप पद्धत होती. देव दत्त नावाच्या सीमा रस्ते विभागातल्या अभियंत्याची पदोन्नती एका वर्षाच्या ‘चांगला’ या शेऱ्यामुळे अडली. पात्रतेला ‘खूप चांगला’ लागत होतं आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वाईटच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडण्याची संधी दिली पाहिजे. तो निकाल सरकार आणि सरकारी संस्थांमधल्या सेवेपुरता आहे. खासगी कंपनीत असा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून तो आपला आपण, रोजच्या कामात, थोडा थोडा मिळवावा लागतो.

मी आता दर शुक्रवारी आठवड्याचं काम लिहून काढते. काय केलं, कुणाचं अडलेलं सोडवलं, कुणी दाद दिली. ही नोंद कंपनीच्या गोपनीय माहितीला हात न लावता, साध्या भाषेत, माझ्या स्वतःच्या वहीत असते. रेटिंगची चर्चा झाली की त्याच दिवशी मेल करते : आपण हे म्हणालात, याची उदाहरणं कोणती, पुढच्या सहा महिन्यांत कशावरून सुधारणा मोजणार. उत्तर दर वेळी येतं असं नाही, पण प्रश्न नोंदीवर राहतो. कुटुंबाचा आरोग्य विमा कंपनीच्या विम्याशिवाय वेगळा काढला आहे. आणि ओळखीच्या प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगते. बंद खोलीत बसवून राजीनामा मागितला तर तिथल्या तिथे सही करू नका, घरी जाऊन विचार करतो म्हणा. कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन, ही तरतूद १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुम्ही कामगार ठरता की नाही, ते पदाच्या भारदस्त नावावर अवलंबून नसतं, प्रत्यक्ष काय काम करता त्यावर असतं. सल्ला घेण्याआधीच राजीनामा दिला, तर भांडायची जागाच आपण रिकामी करून देतो.

त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर दिलं. ऑफिसबाहेर चहा घेताना टक्केवारीचा तक्ता, लाल होणारा रकाना, सगळं सांगितलं. ती बराच वेळ चिडली होती, आणि मला ते चिडणं बरं वाटलं, कारण तोवर ती फक्त स्वतःवर चिडत होती. आता ती दुसऱ्या कंपनीत आहे. आमच्या टीममध्ये यंदा रेटिंग लागलं तेव्हा चौघांनी आपापले आकडे एकमेकांना सांगितले. मग बसून प्रत्येकाचं वर्षभराचं काम कागदावर मांडलं, आणि ज्या दोघांवर अन्याय झाला असं सगळ्यांना वाटलं, त्यांचे अर्ज चौघांनी मिळून लिहिले.